मासे रंग बघून नका घेऊ, टँक बघून घ्या

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

कुत्र्या-मांजरांबद्दल पेपरात बरंच छापून येतं, फिशटँकमधल्या माशांबद्दल फारसं कोणी लिहीत नाही म्हणून हे पत्र. टँकमध्ये काय सोडायचं ते बहुतेक वेळा दुकानात उभ्या उभ्या ठरतं, दोन लाल द्या, दोन निळे द्या, तो चपटा एक आणि काच साफ करायला एक सकर. मग महिन्याभरात अर्धे मेले की म्हणायचं आमच्याकडे मासे जगतच नाहीत. जगतात हो, एकमेकांशी जमणारे घेतले तर नक्की जगतात.

सगळ्यात मोठा घोळ साइजचा होतो. दुकानात सगळे बोटभर दिसतात कारण ती पिल्लं असतात. सकर आणि ऑस्कर आरामात फूटभर होतात, आणि शार्क म्हणून विकतात तो रुपेरी मासा शार्क नाहीच, तो मेकाँग नदीतला कॅटफिश, मीटरभर वाढणारा आणि कळपाने राहणारा. छोट्या टँकमध्ये मासा छोटाच राहतो असं कृपा करून कोणी कोणाला सांगू नका, तिथे वाढ खुंटते ती हाल होऊन खुंटते.

निऑन टेट्रा आणि अँजेल हे जोडपं पण असंच. दोघं ॲमेझॉनच्या खोऱ्यातले, दोघं दिसायला शांत, पण अँजेल तळहाताएवढा झाला की दीड इंची निऑन त्याला खाऊच वाटतो. तोंडात मावणारा मासा आज ना उद्या तोंडात जातोच, हे धरूनच चालायचं.

टायगर बार्बचा प्रकार वेगळा, तो गिळत नाही, कुरतडतो. अँजेलच्या पोटाखाली दोन लांब दोरे लोंबतात ना, बार्ब मागून येऊन नेमका त्यांनाच तोंड लावतो, आधी टोकं जातात, मग परांच्या कडा फाटक्या दिसायला लागतात, मग अँजेल हीटरमागे कोपरा धरून बसतो आणि खायलासुद्धा वर येत नाही. लोकांना वाटतं रोग झाला, ते औषध ओतत बसतात. आता यात बार्बचा दोष नाही, 8-10 एकत्र असले की ते बरेचसे आपसातच पळापळी करतात, दोन-तीनच ठेवले की इतरांच्या मागे लागतात. तरी गप्पी, फायटर, अँजेल अशा लांब परांच्या माशांबरोबर बार्ब नकोच. आणि नर फायटर एका टँकमध्ये एकच.

पाण्याचं कोणी विचारतच नाही. गप्पी-मोलीला जड, म्हणजे जास्त क्षारांचं पाणी मानवतं, निऑनला मऊ, कमी क्षारांचं. गोल्डफिशला 18 ते 22 डिग्रीचं गार पाणी बरं, डिस्कसला 28 ते 30 लागतं, मग या दोघांना एकत्र ठेवून कोणा एकाचे हाल करणारच ना आपण. शिवाय गोल्डफिश घाण भरपूर करतो.

भरलेला टँक हवा असेल तर वर-मध्ये-खाली असा विचार करा. वरच्या भागात झेब्रा मासे, मध्ये टेट्राचा थवा, तळाशी कोरी म्हणजे मिशावाले छोटे कॅटफिश, असं केलं की मासे तेवढेच असून टँक भरल्यासारखा दिसतो आणि कोणी कोणाच्या वाटेला जात नाही. टेट्रा आणि कोरी किमान सहा-सहा तरी हवेत, एकटे राहिले की बुजतात. कोरीला बारीक वाळू द्या, टोकदार खडीत उकरून त्यांच्या मिशा झिजतात, आणि बुडणाऱ्या गोळ्या टाका, नाहीतर वरचेच सगळं फस्त करतात आणि हे उपाशी. गप्पीत एका नरामागे दोन-तीन माद्या ठेवा, नाहीतर नर मादीला दमवून टाकतात.

आणि हे सगळे एकाच दिवशी सोडू नका. नव्या टँकच्या फिल्टरमध्ये माशांच्या घाणीतून होणारा विषारी अमोनिया पचवणारे बॅक्टेरिया तयार व्हायला साधारण 4 ते 6 आठवडे जातात, ते झाल्यावर थोडे थोडे आणा.

दुकानदारांना माझी कळकळीची विनंती आहे, प्रत्येक टँकवर नावाखाली तीन गोष्टी लिहा: पूर्ण वाढ किती, किती जण एकत्र ठेवायचे, कोणाबरोबर ठेवायचा नाही. आत्ता गिऱ्हाईक मोठा झालेला सकर नेऊन तळ्यात सोडतं, आणि सकर असेच कित्येक देशांच्या नद्यांत पसरून तिथल्या माशांच्या मुळावर आलेत. तुम्ही पुरवणीत कोणता मासा कोणाबरोबर चालतो याचा एक छोटा तक्ता छापलात तर नव्याने टँक घेणारे तो कापून ठेवतील, तेवढं कराच.

आपला,
एक मत्स्यप्रेमी वाचक