तात्या, आमच्या नाटकातलं हसू तुम्ही जागेवर आणलंत

आदरणीय तात्या,

सप्रेम नमस्कार.

समोरासमोर आभार मानायला गेलं की तुम्ही लगेच चहाचं विचारता आणि विषय तिथेच संपतो. म्हणून हे पत्र चारचौघांत लिहितेय. आमचं नाटक उभं राहिलं ते तुमच्यामुळे, हे गावाला कळायलाच हवं.

नाटक घराच्या विक्रीचं. पहिल्या अंकात जमिनीचा एजंट टेप घेऊन ओटी-पडवी मोजत फिरतो. दुसऱ्या अंकात घर जातं आणि म्हातारी आत्या माजघराशेजारची तिची खोली सोडते. तालमीत पहिला अंक हशांवर हशे घ्यायचा आणि दुसरा सुरू झाला की बघणारे गोंधळायचे. एकाच तिकिटावर दोन नाटकं लावल्यासारखं व्हायचं. कुणी म्हणे विनोद कापा, कुणी म्हणे आत्येचं रडणं आवरा. मला दोन्ही हवं होतं, कारण आपल्याकडे घर विकतात तेव्हा दोन्ही एकाच दिवशी घडतं.

तुमची सगळी हयात दशावतारात, आपल्या कोकणातल्या या लोकनाट्यात गेलेली. तालमीला आलात, कोपऱ्यातल्या बाकावर बसलात आणि पहिला अंक संपल्यावर एजंट करणाऱ्या मुलाला एवढंच विचारलंत, ‘‘रे बाबा, ह्या एजंटाक पैशे कित्याक व्हये?’’ कुणाकडेच उत्तर नव्हतं. मग रात्री बसून आम्ही ते शोधलं. त्याच्या मुलीची कॉलेजची फी भरायची आहे, मुदत जवळ आली आहे. दुसऱ्या दिवसापासून तो मुलगा प्रेक्षकांकडे बघून डोळे मिचकावायचा थांबला आणि मन लावून मोजू लागला. हशे कमी झाले नाहीत, उलट वाढले. लोक त्याच्या घाईला हसत होते आणि घाई खरी होती.

त्याच दिवशी तुम्ही संकासुराचं सांगितलंत. आडदशावतारात, म्हणजे मुख्य आख्यानाआधीच्या भागात, देव प्रमाण भाषेत बोलतात आणि संकासूर हा राक्षस मालवणीत. तो भटजींची फिरकी घेतो, समोर बसलेल्यांशी थेट बोलतो, आणि तरी त्याने वेद पळवलेले असतात, म्हणून विष्णूच्या हातून मरतो. ज्याला लोक पोट धरून हसले, तोच खलनायक. मात्र लगेच बजावलंत, ‘‘लोकांशी बोलणा आमच्यात चालता, तुमच्यात नाय.’’ तुमच्याकडे संवाद लिहिलेले नसतात, समोरच्याचा अंदाज घेत नट ते जागेवर रचतो. आमच्याकडे भिंती, दार, खिडकी सगळं खरं मानलेलं असतं. तिथे एजंटाने प्रेक्षकांना डोळा मारला की आत्येचं घर खोटं पडतं. हा फरक इतका स्पष्ट करून मला कुठल्याच शिबिरात कुणी सांगितला नव्हता.

गडकऱ्यांचा ‘एकच प्याला’ 1919 सालचा. तळीरामाच्या दारुड्या मंडळींवर आजही हशा पिकतो आणि त्याच नाटकात सिंधू दळण दळून दिवस काढते. तळीराम म्हणजे थोडा विसावा, असं म्हणणारे खूप भेटले. मला ते पटत नाही. सिंधूच्या नवऱ्याच्या, सुधाकराच्या हातात पेला देणारा तोच आहे. विनोदी पात्राच्या हातूनच दुःख घरात येतं. तुमच्या प्रश्नामुळे हे मला आमच्या नाटकात दिसलं.

आणि तो टेप! दुसऱ्या अंकात तो परत आणा, ही सूचना तुमची. पहिल्या अंकात आत्या पडदे शिवायचे असतील असं समजून टेपचं टोक धरते, तिथे प्रेक्षक हसतात. दुसऱ्या अंकात एजंट तिच्याच खोलीत येतो आणि ती सवयीने पुन्हा टोक धरायला हात पुढे करते. प्रयोगात टेप दिसताच हशा सुरू झाला आणि मध्येच तुटला. विंगेत मी आमच्या प्रॉम्प्टरचा दंड घट्ट पकडून उभी होते.

हशा चालू असताना पुढचं वाक्य कधी बोलायचं, ते गणितही तुम्हीच दिलंत: ‘‘पुरो थांबाची वाट बघू नको, उतरणीक लागलो काय बोल.’’ आत्या करणाऱ्या काकूंनी ते वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवलंय. पेटीवाल्याला शेवटच्या प्रवेशात गप्प बसवलंत, त्याबद्दल तोही आता राग धरून नाही.

आता हेच नाटक आम्ही राज्य नाट्य स्पर्धेत उतरवायचं म्हणतोय. एजंटाचा तिसरा प्रवेश अजून सैल आहे, तिथे तो फार लवकर हळवा होतो असं मला वाटतं. त्रिपुरी पौर्णिमेनंतर जत्रा सुरू झाल्या की तुम्ही हाती लागणार नाही. त्याआधी एका तालमीला या. मुलगा गाडी घेऊन न्यायला येईल. मानधनाचं पाकीट या खेपेला परत करायचं नाही, मंडळातल्या सगळ्यांनी वर्गणी काढून ते भरलंय.

तुमची,
हौशी मंडळातली दिग्दर्शिका आणि सगळी मुलं