गोळ्या बंद करण्याआधी रक्ताचे आकडे पाहा

संपादक महोदय,
स. न.

मी रविवार कारंज्याजवळ शिवणकाम करतो. तीन वर्षांपूर्वी तोंड आले. मिसळीचा रस्सा सोडाच, साधा वरणभातही झोंबायचा. बी-कॉम्प्लेक्स, तोंडाला लावायचे जेल, दोनदा दातांची सफाई यात चार महिने गेले. मग पाठीवर पाण्याचे फोड उठले. शर्ट काढला की कातडी त्यालाच चिकटून यायची, म्हणून मंडळी बाजारातून केळीची पाने आणून त्यांवर मला झोपवायची. शेजाऱ्यांनी 'नागीण' ठरवून मंत्र घालणाराही आणला. बायोप्सीत निघाला पेम्फिगस. कातडीच्या पेशी एकमेकींना धरून ठेवणाऱ्या डेस्मोग्लीन या प्रथिनांवर आपल्याच रक्तातली प्रतिपिंडे उठतात. टाके उसवतात, असे मी गिऱ्हाइकांना सांगतो. हा रोग लागत नाही, तरी काही जणांनी कापड परत नेलेच.

स्टेरॉइडने अंग स्वच्छ झाले. एका दवाखान्यात 'बरे झालात' म्हणून गोळ्या हळूहळू कमी करत बंद केल्या; रक्त कोणी तपासले नाही. गणपतीत पुन्हा फोड.

दुसऱ्या डॉक्टरांनी रिटुक्सिमॅबची (प्रतिपिंडे बनवणाऱ्या पेशींच्या मुळाशी जाणारे औषध) दोन इंजेक्शने पंधरा दिवसांच्या अंतराने दिली आणि तीन महिन्यांनी प्रतिपिंडे मोजायला लावली. कारण त्यांनी कागदाच्या पाठीवर लिहून समजावले. फ्रान्समधल्या रुग्णांवरचा एक अभ्यास २०२० साली प्रसिद्ध झाला आहे. सुरुवातीला आजार फार पसरलेला असेल, किंवा इंजेक्शननंतर तिसऱ्या महिन्यात डेस्मोग्लीनच्या दोन प्रकारांपैकी १ वर उठलेल्या प्रतिपिंडांचा आकडा २० च्या वा ३ वरच्यांचा १३० च्या वर असेल, तर वर्षभरात शंभरात सुमारे ५० जणांचा आजार उलटतो. यातले काहीच नसेल तर शंभरात सुमारे ९४ जणांचा उलटला नाही. भविष्य नव्हेच हे. डेस्मोग्लीन ३ चा आकडा तर अंग साफ असूनही कधी कधी वर राहतो. पण गोळी कोणाची जपून कमी करायची, एवढे त्यातून कळते.

माझा ३ चा आकडा १६२ आला. रक्त खासगी लॅबमार्फत मुंबईला गेले आणि त्या महिन्याचे दुकानभाडे थकले. ही तपासणी सरकारी रुग्णालयात फुकट वा माफक दरात व्हावी, एवढीच मागणी.

आणखी एक. आजार उलटला असे कधी म्हणायचे, हे मला पहिल्या खेपेला कोणीच सांगितले नव्हते. महिन्यात तीन किंवा जास्त नवे फोड आले आणि ते आठवड्यात आपोआप भरले नाहीत, किंवा जुनी जखम पसरू लागली, तर उलटला. ही व्याख्या २००८ पासून आहे. ती मी मापांच्या वहीत, छाती-बाहीच्या रकान्यांशेजारी लिहून ठेवली आहे. या महिन्यात तिथे एकच नोंद आहे : डावी बगल, चार दिवसांत भरला.

आपला,
एक शिंपी, नाशिक