सामाईक भट्टीचा हिशेब

कोल्हापूर

चि. सई हिस,
अनेक आशीर्वाद.

मातीकामाचा सामाईक स्टुडिओ काढायचा तुझा बेत वाचला. त्यात चाकांवर पानभर आहे आणि भट्टीवर अर्धी ओळ. ते उलटं कर. चाक ज्याचं त्याला मिळेल. भट्टी एकच, सगळ्यांची, म्हणून एकाच्या चुकीची झळ बाकीच्यांच्या भांड्यांना बसते. नियम, भांडणं, मैत्र्या, सगळं तिथूनच सुरू होतं. तीन चाकं आणि एक लांबरुंद टेबल पुरे. टेबलाशी बसून हाताने घडवणारे एकमेकांशी बोलतात. चाकावर बसलेला मान वर करत नाही.

शाहूपुरीत कुंभार गल्लीजवळची जागा मनात भरली असेल, पण २०१९ आणि २०२१ च्या पुराचं पाणी तिथे कुठवर चढलं होतं ते शेजारपाजारी विचार. आम्ही उद्यमनगर सुचवू. वेल्डर, फिटर हाकेच्या अंतरावर आहेत. १०० लिटरची विजेची भट्टी साधारण आठ-नऊ किलोवॉट ओढते, तेव्हा थ्री फेज वीजजोडणी हवीच.

आता मुख्य गोष्ट. स्टुडिओत एकच माती आणि एकच तापमान ठेव: स्टोनवेअर (चढ्या तापमानाला भाजून दगडासारखी घट्ट होणारी माती), १२२० अंश. आपल्याकडची लाल माती हजार अंशांच्या आसपास छान भाजते, पण तिच्यातलं लोह त्यापुढे तिलाच वितळवायला लागतं. १२२० ला ती फुगते, पघळते आणि भट्टीतल्या शेल्फवर पसरते. कुणी हौसेनं एक पणती आत सरकवली तरी शेल्फ गेलं आणि शेजारची चार भांडीही. लाल मातीसाठी वेगळं कपाट आणि वेगळी भाजणी. मूर्तीच्या कारखान्यातली उरलेली माती तर कुणालाच आणू देऊ नकोस. तिच्यात प्लास्टरचा हरभऱ्याएवढा खडा असला, तर भाजल्यावर तो हवेतली ओल शोषून फुगतो आणि काही दिवसांनी भांड्याचा टवका उडवतो.

पावसाळ्यात घाई नडेल. जून ते सप्टेंबर भांडं वरून कोरडं दिसतं, आत ओलं असतं. ते गालाला लावायचं. गार लागलं तर अजून पाणी आहे. असं भांडं भट्टीत गेलं की आतल्या पाण्याची वाफ होऊन ते फुटतं आणि तुकडे दुसऱ्यांच्या भांड्यांत घुसतात. शंका असेल तेव्हा ८०-९० अंशांवर पाच-सहा तास धर. पुढे ६०० पर्यंत तासाला १०० अंशांहून जास्त चढवू नकोस. ५७३ ला मातीतला क्वार्ट्झ (गारेचे बारीक कण) एकदम प्रसरण पावतो, उतरताना तिथेच आकसतो, आणि घाई केलेली भांडी तिथेच तडकतात. पहिली भाजणी, म्हणजे ग्लेझ (भाजल्यावर काचेसारखा होणारा लेप) लावायच्या आधीची, हजार अंशांवर थांबव; १२२० ग्लेझ लावल्यानंतरच्या दुसऱ्या भाजणीला. पारा शंभराच्या खाली आल्याशिवाय दार उघडायचं नाही, मग बाहेर सभासद कितीही घिरट्या घालोत.

ग्लेझ लावल्यावर बूड ओल्या स्पंजनं पुसायचं आणि कडेपासून ३ मिलिमीटर वरपर्यंत कोरं ठेवायचं. जाड ग्लेझ ओघळतं आणि भांडं शेल्फला चिकटतं. शेल्फवर अॅल्युमिना हायड्रेट (भट्टीत न वितळणारी पांढरी पूड) आणि चिनी माती निम्मी-निम्मी पाण्यात कालवून हात दे. शेल्फखाली तीनच टेकू, आणि वरच्या मजल्याचे टेकू बरोबर खालच्यांच्या डोक्यावर. भट्टी एकट्यानं भरायची नाही. दोघं असले की दुसऱ्याला चूक दिसते, शिवाय नवखा माणूस याच कामात सगळ्यात लवकर शिकतो.

पैसे वजनावर घेऊ नकोस, जागेवर घे. १० बाय १० बाय १२ सेंटिमीटरचा मग म्हणजे १.२ लिटर. एका भाजणीचा खर्च भरलेल्या लिटरांनी भागायचा. शेल्फ-टेकूंची जागा वजा जाता १०० लिटरची भट्टी पूर्ण कधीच भरत नाही, हे दर ठरवतानाच धर. नाहीतर तूट तुझ्या खिशातून जाईल आणि बोलायचीही चोरी.

केरसुणी दारातच येऊ देऊ नकोस. वाळलेल्या मातीच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात बसते. फरशी ओल्या फडक्यानंच पुसायची. हात बेसिनमध्ये नाही, बादलीत धुवायचे, नाहीतर पाइप महिन्याभरात बुजेल. बादलीच्या तळाचा गाळ परत वापरता येतो. उरलेले गोळे मात्र आधी खडखडीत वाळवून मग भिजत घाल. अर्धवट ओला गोळा पाण्यात तसाच पडून राहतो, कोरडा भसकन विरघळतो.

गल्लीतल्या कुंभारांना शिकवायला बोलवणार असशील तर योग्य मानधन ठरवून बोलव, आणि दिवाळी झाल्यावर. बेंदराचे बैल, मग गणपती, मग पणत्या. तोवर त्यांना पाणी प्यायला सवड नसते. त्यांचा हात थापटीवर बघण्यासारखा असतो. आतून दगडी गोटा, बाहेरून लाकडी थापटी. जाड बुडाचं मडकं फुगवत पातळ करत नेतात. चाकावर दोन वर्षं घालवलेल्यांनाही हे जमत नाही, तेव्हा त्यांना खुर्ची मधोमध दे. पंचगंगेकाठच्या ब्रह्मपुरी टेकडीवरच्या १९४५-४६ च्या उत्खननातल्या वस्तू टाउन हॉल म्युझियममध्ये आहेत. सभासदांना एखाद्या रविवारी तिकडे ने.

भट्टी उघडायचा वार ठरलेला ठेव आणि सगळ्यांना बोलव. फुटलेलं भांडंही टेबलावर ठेवायचं, का फुटलं ते सगळ्यांनी मिळून शोधायचं. महिनाभर कुणी न नेलेलं भांडं विक्रीला, हे प्रवेशाच्या अर्जातच लिही.

भट्टीची आगाऊ रक्कम अजून देऊ नकोस. जागेचं माप आणि मीटरचा फोटो पाठव, मंजूर लोड किती आहे ते बाबा बघतील.

तुझे,
आई-बाबा