आबांचं पोट आणि पेरूची पानं

कडोली, ता. जि. बेळगाव

प्रिय मित्रा,
सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र परवा मिळालं. ‘परसातल्या पेरूची कोवळी पानं वाळवून पाठव, पोटातली आग सोसवत नाही,’ असं लिहिलंस. पानं तोडायला गेलो आणि झाडाखाली आबा आठवले. म्हणून आधी हे पत्र.

दोन वर्षांमागे कोबीच्या लावणीत आबांचे गुडघे धरले. बंडीच्या खिशात चुन्याच्या डबीशेजारी दुखण्याच्या गोळ्यांची पट्टी असायची. सकाळी उपाशीपोटी एक, रात्री एक. छातीखाली जळजळायला लागलं तेव्हा मीच पेरूची पानं खलबत्त्यात कुटून, फडक्यातून पिळून, वाटीभर तुरट रस रोज द्यायचो. तोंड वाकडं करून पीत आणि म्हणत, “बरं वाटालंय रे.” मलाही तेवढंच हवं होतं. गोळ्यांकडे माझं लक्षच गेलं नाही. मग एकदा आई म्हणाली, परसाकडला डांबरासारखं काळं होतंय. मी तो पानांचा रंग समजलो. चार दिवस! पाचव्या दिवशी आबा गोठ्यात चक्कर येऊन पडले. बेळगावात दुर्बिणीनं पाहिलं तर जठरात व्रण, म्हणजे अल्सर, आणि त्यातून रक्त वाहतंय. रक्त चढवावं लागलं. वाचले, पण ते चार दिवस मला अजून टोचतात.

तेव्हापासून या विषयाचं मिळेल ते वाचतो. दुखण्याच्या गोळ्या प्रोस्टाग्लॅंडिन नावाचं द्रव्य कमी करतात. त्यानं ठणका थांबतो खरा, पण जठराचं बुळबुळीत अस्तर राखतं तेही हेच द्रव्य. अस्तर पातळ झालं की आपलंच आम्ल आपल्याला पोखरतं. दुसरं मोठं कारण हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जिवाणू. बॅरी मार्शल या ऑस्ट्रेलियन डॉक्टरांनी १९८४ मध्ये तो स्वतः पिऊन जठराला सूज आणून दाखवली. २००५ मध्ये त्यांना आणि त्यांचे सहकारी रॉबिन वॉरन यांना नोबेल मिळालं.

पानांत काही नाही, असं मी म्हणणार नाही. त्यांतली टॅनिनं आणि फ्लॅवोनॉइडं ही द्रव्यं अस्तराला आधार देतात, असं उंदरांवरच्या प्रयोगांत पुष्कळदा दिसलंय. आपल्या कोबीचंच बघ: १९४९ मध्ये अमेरिकेत गार्नेट चेनी या डॉक्टरांनी १३ रुग्णांना रोज लिटरभर कच्च्या कोबीचा रस पाजला आणि व्रण लवकर भरल्याचं नोंदवलं. पण रस न घेणारे रुग्ण तुलनेला नव्हते. उंदरांच्या बऱ्याच प्रयोगांत तर अर्क आधी देतात, मोजून, वजनाच्या हिशेबानं. आणि जठराला इजा करणारं औषध किंवा मद्य नंतर. म्हणजे तिथे पाहतात ते रक्षण. तुझ्या पोटात व्रण असेल तर तो आधीच पडलेला आहे, आणि तू कंबरेसाठी त्याच जातीच्या गोळ्या अजून घेतोयस!

म्हणून पानं पाठवत नाही, रागावू नकोस. आधी डॉक्टरांना गोळ्यांची पट्टी दाखव, दुर्बिणीची तपासणी कर, जिवाणूचीही कर. निघाला तर अँटिबायोटिक्सनी तो जातो. शौचाला काळं झालं किंवा उलटीत रक्त दिसलं तर सकाळची वाट बघू नकोस, त्याच क्षणी दवाखाना गाठ.

आबा पुन्हा रानात जातात. खिशात आता फक्त चुन्याची डबी.

तपासणीला सोबत कोणी नसेल तर कळव. रात्रीच्या गाडीनं निघतो, सकाळी तुझ्या दारात.

तुझाच,
बाळू