ग्लायसिनचा वाद तू जिंकलास

नाशिक,
रविवार

प्रिय बाळ्या,

आठ महिने पत्र नाही, तेव्हा आधी शिव्या घालून घे. गुडघे आहेत तसेच, बीपीची गोळी चालू आहे. तब्येतीचं एवढंच.

लिहायला बसलो कारण बारावीच्या पोरांसाठी काढतोय ती टिपणं. अमिनो आम्लाचं चित्र काढलं: मधे कार्बन, एका हाताला एनएच-टू, दुसऱ्या हाताला सीओओएच, वर हायड्रोजन, खाली आर, म्हणजे बाजूचा गट. आर बदलला की आम्ल बदललं. प्रथिनांत नेहमीची २०. चित्र छान आलं आणि तिथंच हात थांबला. हा असला रेणू पाण्यात औषधालाही सापडत नाही. तू हेच ओरडून सांगायचास आणि मी म्हणायचो, परीक्षेत मार्क मिळतात ना, मग गप्प बस.

तुझी ती बाटली आठवते? ग्लायसिन, सगळ्यांत लहान अमिनो आम्ल, रेणुभार ७५. शेजारी ॲसेटिक ॲसिड, रेणुभार ६०. ते जवळपास १७ अंशांनाच वितळतं, म्हणजे निफाडच्या थंडीत बाटलीतच गोठायचं. आणि ग्लायसिन? २३० अंशांच्या पुढे नेलं तरी नीट वितळत नाही, करपतं. एवढ्याशा पोराला एवढा ताठा कुठून? मिठाला येतो तिथूनच, भारांमुळे. आम्लाच्या टोकानं आपला प्रोटॉन अमिनोच्या टोकाला देऊन टाकलेला असतो. एका टोकाला एनएच-थ्री धन, दुसऱ्या टोकाला सीओओ ऋण. म्हणून ते ईथरला दाद देत नाही, पाण्यात मात्र सहज विरघळतं. ग्लायसिनचं हे दुतोंडी रूप साधारण २.३ ते ९.६ पीएचपर्यंत टिकतं. मान्य. लेखी देतो.

पण खरी पंचाईत पुढे आहे. चुकीच्या चित्रातून पुढचं वाक्य फार सोपं निघतं: ‘एकाचा ओएच, दुसऱ्याचा एच, पाणी बाहेर, दोन आम्लांना जोडणारा पेप्टाइड बंध तयार.’ भार दाखवले की हे वाक्यच अडतं. नायट्रोजनची मोकळी जोडी प्रोटॉन धरण्यात गुंतलेली, ती हल्ला कशी करणार? आणि समोरच्या ऋण भाराच्या सीओओमधला कार्बन तिला जवळ का येऊ देईल? २०ही आम्लं पेल्यात घालून वर्षभर ढवळ, प्रथिन होणार नाही.

म्हणून पेशी आधी खर्च करते. आम्लाचं टोक एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं नाणं, मोडून जोडायला तयार करून घ्यायचं, मग ते टी-आरएनए या आम्लं वाहून नेणाऱ्या रेणूला एस्टर बंधानं टांगायचं, मग रायबोसोमवर, म्हणजे प्रथिनं बनवणाऱ्या यंत्रावर, आणायचं. तिथं नव्या आम्लाचा नायट्रोजन जुन्या साखळीच्या एस्टरवर चाल करतो, आणि बाहेर पडतो तो टी-आरएनए. पाणी नव्हेच! एटीपीचा भाऊ जीटीपी धरून एका बंधामागे ४ ऊर्जाबंध खर्ची पडतात. हे पोरांना सांगू की ‘पाणी बाहेर’वरच सोडू?

उलटा प्रश्नही येणारच: भोवती पाणीच पाणी, मग झालेला बंध तुटत का नाही? तुटायला हवाच, पण इतका सावकाश की साध्या तापमानाला निम्मे बंध तुटायला शेकडो वर्षं लागतात. आपण प्रयोगशाळेत तोडतो ते ६ नॉर्मल हायड्रोक्लोरिक घालून, ११० अंशांवर, २४ तास. तेवढ्यात ट्रिप्टोफॅनची वाट लागते, ते वेगळं मोजावं लागतं.

बाययुरेटचं, म्हणजे प्रथिन ओळखायच्या चाचणीचं, मात्र नीट लिहिलं. पांढऱ्या बलकाचं पातळ द्रावण २ मिली, १० टक्के कॉस्टिक सोडा २ मिली, मग १ टक्का मोरचूद थेंबाथेंबानं. दोन-तीन थेंब पुरे. पोरं पिचकारी मारतात, मग निळा गाळ बसतो आणि त्याखाली जांभळा रंग दडतो. नुसत्या ग्लायसिनला जांभळा येत नाही, कारण निदान दोन पेप्टाइड बंध लागतात. (तुला एकदा आला होता. परीक्षानळी कुणी धुतली नव्हती, हे मी अजून विसरलेलो नाही.)

भार का शिकवायचे, याला एकच उदाहरण पुरेल. पेठ-सुरगाण्याच्या पोरांना सिकलसेल हा रक्ताचा आनुवंशिक आजार माहीत असतो. हिमोग्लोबिनच्या १४६ आम्लांच्या बीटा साखळीत सहाव्या जागी ग्लुटामिक असायचं, तिथं व्हॅलिन आलं. ऋण भाराच्या आरऐवजी तेलकट आर. बस, एवढ्यावर ऑक्सिजन सुटला की हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटून दोऱ्या होतात. भार न काढलेल्या चित्रावर हे समजावू कसं?

वहिनींची बदली झाली का? पिंकीचं लग्न ठरलं म्हणे, तारीख कळव. घराचं काम संपलं असेलच.

दोन्ही चित्रं शेजारी छापावीत असं वाटतंय. पण मग पोरं विचारतील, ‘सर, पेपरात कुठलं काढू?’ तू काय सांगितलं असतंस ते कळव. पोस्टकार्डावर, नाहीतर तीन पानं भांडशील.

तुझा,
नाना