उंगुजा बेटावरच्या बीबींना (स्वाहिलीत बीबी म्हणजे आजी) आभाराचे पत्र

आदरणीय बीबी,

सादर नमस्कार.

आपल्या गावातील सौरदिव्यांचे काम समजून घेण्यासाठी मी टांझानियातील झांझिबारच्या उंगुजा बेटावर आले, तेव्हा आपण मला आपल्या कार्यशाळेत बसू दिले, जमाखर्चाची वही मोकळेपणाने पुढे केली आणि ऊर्जा समितीच्या बैठकीत परमुलखातल्या बाईला शेवटपर्यंत थांबू दिले. या सगळ्याचा उपयोग आज नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातील आमच्या पाड्यांवर होत आहे. म्हणून आपले जाहीर आभार मानण्यासाठी हे पत्र लिहीत आहे. याचा स्वाहिली मजकूर आपल्याकडे स्वतंत्रपणे पाठवला आहेच. मराठीत लिहिण्याचे कारण इतकेच की, महाराष्ट्रात अशा कामात असलेल्या मंडळींपर्यंतही आपली रीत पोहोचावी.

आपण हे काम राजस्थानातील तिलोनियाला सहा महिने राहून शिकलात. बंकर रॉय यांनी १९७२ मध्ये सुरू केलेल्या तेथील बेअरफूट कॉलेजने आफ्रिकेतील अनेक देशांच्या खेड्यांतून आपल्यासारख्या मध्यमवयीन, बहुतेक वेळा निरक्षर स्त्रियांना बोलावले आणि परदेशी प्रशिक्षणार्थींसाठीच्या भारत सरकारच्या आयटेक योजनेतून त्यांच्या प्रवासाचा व प्रशिक्षणाचा खर्च झाला, हे आमच्याकडे फार थोड्यांना ठाऊक आहे. तरुण मुलगा प्रमाणपत्र हाती पडताच शहराची वाट धरतो, पण जिची नातवंडे गावात आहेत ती बाई गावातच राहते आणि तिच्याबरोबर विद्याही गावात राहते, हा त्या निवडीमागचा विचार होता. मी अभियांत्रिकी महाविद्यालयात शिकलेली आहे. तरीही या विचाराचे मोल आपल्याला काम करताना पाहिल्यावरच मला पुरते उमगले. पुढे झांझिबारमध्येच किन्यासिनी येथे असे प्रशिक्षण केंद्र उभे राहिले आणि बेटावरच्या बायकांना शिकण्यासाठी समुद्र ओलांडण्याची गरज उरली नाही, याचा आपल्याला वाटणारा अभिमान अगदी सार्थ आहे.

त्या दुपारी आपल्यासमोर एक बंद पडलेला चार्ज कंट्रोलर, म्हणजे बॅटरीचे भरणे-उतरणे सांभाळणारा डबा, होता. झाकण उघडल्यावर तांब्याच्या पट्टीवर हिरवट थर दिसला. खाऱ्या वाऱ्याने ही पट्टी खाल्ली आहे, असे सांगून आपण ती जुन्या दातांच्या ब्रशने घासलीत, सोल्डरचा जुना डाग वितळवून काढलात आणि रेझिस्टरवरील (वीजप्रवाहाला रोध करणाऱ्या छोट्या भागावरील) त्याचे मूल्य सांगणारे रंगीत पट्टे बोटाने दाखवत नवा तुकडा निवडलात. आकडे वाचता येत नसतानाही तपकिरी, काळा, लाल हा रंगांचा क्रम आपल्याला तोंडपाठ होता. मग मीटर लावून बॅटरी तपासलीत. पूर्ण भरलेल्या, स्थिर असलेल्या लेड-ॲसिड बॅटरीचा दाब साधारण १२.७ व्होल्ट असतो आणि तो १२.२ पर्यंत उतरला की निम्मी शक्ती खर्च झालेली असते. त्याखाली वारंवार उतरू दिले की बॅटरीचे आयुष्य झपाट्याने घटते. आपण ही गोष्ट घरोघरच्या बायकांना आकड्यांशिवाय, कंट्रोलरवरच्या हिरव्या आणि तांबड्या दिव्याच्या खुणेने शिकवली आहे. तांबडा दिवा दिसला की फोन चार्जिंगला लावायचा नाही, हे आपल्या गावातली लहान मुलेही जाणतात.

मात्र सर्वांत मोठा धडा मला आपल्या वहीने दिला. सौरपत्रा (सोलर पॅनल) वीस-पंचवीस वर्षे टिकतो, पण लेड-ॲसिड बॅटरी काही वर्षांतच संपते आणि नवी घ्यायला पैसे नसले की सगळी यंत्रणा अडगळीत जाते. आमच्याकडे पाड्यापाड्यांवर एका संस्थेने बसवलेले सौरपथदिवे असेच बंद पडून उभे आहेत. उद्घाटन थाटात झाले, पण बॅटरी संपल्यावर कोणाकडे जायचे, हे गावाला कोणी सांगितले नाही. आपल्या समितीने मात्र सौरपत्रे गावात येण्याआधीच दरमहा किती शिलिंग द्यायचे हे ठरवले होते. रॉकेल, मेणबत्त्या आणि टॉर्चचे सेल यांवर प्रत्येक घर महिन्याला काय खर्च करते, याची चौकशी करून वर्गणी त्या बेतात बसवली होती. जमा रकमेतून एक वाटा आपल्या मेहनतान्याचा आणि उरलेला बॅटरीसाठी राखून ठेवलेला. आमच्याकडचा एखादा चांगला चाललेला बचत गट जशी शिस्त पाळतो, तशीच ही शिस्त होती. तीही बाहेरून कोणी लादलेली नव्हती, गावाने बसून ठरवलेली होती.

समितीच्या बैठकीत त्या संध्याकाळी एका घराची थकबाकी निघाली होती. घरधनीण समुद्रशेवाळाची शेती करणारी. १९८९ पासून पूर्व किनाऱ्यावरच्या पाजे आणि जांबियानी भागात रुजलेला हा व्यवसाय मुख्यत्वे बायकांच्या कष्टावर उभा आहे. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओहोटीला समुद्र दूरवर मागे हटतो, तेव्हा कमरेएवढ्या पाण्यात वाकून दोऱ्यांना शेवाळाची रोपे बांधायची, वाढलेले पीक काढून वाळवायचे आणि व्यापारी देईल तो भाव घ्यायचा. पाणी तापू लागल्यापासून चांगला भाव देणारी जात मरू लागली आहे, हेही त्या बाईने सांगितले. एका सदस्याने तिचा दिवा काढून आणावा, असे सुचवले. आपण त्याला विरोध केला नाहीत आणि दुजोराही दिला नाहीत. वही उघडून मागच्या वर्षी तिने शेवाळ विकल्यावर दोन हप्ते एकदम भरल्याची नोंद आपल्या नातीकडून सर्वांसमोर वाचून घेतलीत. पुढचा माल विकला जाईपर्यंत मुदत द्यावी, असे एकमताने ठरले. मात्र पुढेही पैसे न आल्यास दिवा काढायचा, ही अटसुद्धा तिच्या समोरच लिहिली गेली. तिला मान मिळाला आणि समितीचा निधीही राखला गेला. व्यवस्थापनाच्या कोणत्याही प्रशिक्षणात मला हे इतके नेमके शिकायला मिळाले नव्हते.

आपण २००९ च्या डिसेंबरची आठवणही सांगितलीत. मुख्य भूमीवरून समुद्राखालून येणारी वीजवाहिनी बिघडली आणि मार्च २०१० पर्यंत, म्हणजे तब्बल तीन महिने, संपूर्ण उंगुजा बेट विजेविना राहिले. त्याआधी २००८ मध्येही सुमारे महिनाभर हेच घडले होते. हॉटेलांनी जनित्रे लावली, गरिबांच्या वाट्याला काळोख आणि पाण्याची टंचाई आली, कारण पंपही विजेवरच चालत होते. २०१३ मध्ये नवी, अधिक क्षमतेची वाहिनी आली. तरीही एकाच तारेवर सगळे बेट टांगलेले ठेवू नये, हे आपले मत मला पूर्णपणे पटते.

आणखी एका गोष्टीसाठी आपली मी विशेष ऋणी आहे. आपण आपल्या व्यवस्थेची मर्यादा लपवली नाहीत. या छपरावरच्या सौरपत्र्यांवर दिवे लागतील, फोन चार्ज होतील, रेडिओ वाजेल; पिठाची गिरणी चालणार नाही, असे आपण स्पष्ट सांगितलेत आणि गिरणी हवी असेल तर डोंगराळ मुलखात पाण्याकडे पाहा, असा सल्ला दिलात. त्यामुळे मी आफ्रिकेतील इतर ठिकाणांचा अभ्यास केला. केनियातील तुंगु-काबिरी येथे सुमारे २०० कुटुंबांनी पैसा आणि अंगमेहनत घालून १८ किलोवॅटचा सूक्ष्म जलविद्युत प्रकल्प उभारला. मलावीत मुलांजे पर्वताच्या पायथ्याशी, बोंडो परिसरात, डोंगरातून उतरणाऱ्या लिचेन्या नदीच्या पाण्यावर वीज तयार होते आणि ती घरांबरोबर शाळेला, दवाखान्याला आणि मक्याच्या गिरण्यांनाही मिळते. डोंगरावरचे जंगल राखले तरच नदीला बारमाही पाणी राहील, हे तेथील लोकांच्या थेट हिताचे झाले आहे. मला ही गोष्ट विजेइतकीच मोलाची वाटते.

आमच्या सातपुड्यालाही हे अगदीच नवे नाही. धडगाव तालुक्यातील बिलगावच्या आदिवासींनी २००३ मध्ये श्रमदानाने १५ किलोवॅटचा जलविद्युत प्रकल्प उभा केला होता. पुढे २००६ मध्ये सरदार सरोवराच्या फुगवट्यात तो बुडाला. मी हे आपल्याला सांगितले, तेव्हा आपण त्या प्रकल्पाच्या माहितीपेक्षा, ते चालवणारे लोक आता कुठे आहेत, असे विचारलेत. त्या एका प्रश्नामुळे परतल्यावर आम्ही त्या काळी राबलेल्या काही जणांना शोधून काढले. त्यांतले दोघे आज आमच्या नव्या समितीत आहेत आणि वर्गणीचा दर ठरवताना त्यांचा शब्द सर्वांत जास्त मानला जातो.

सध्या आमच्या तीन पाड्यांवर समित्या काम करीत आहेत. दुरुस्तीसाठी निवडलेल्या पाचही बाया आजी झालेल्या आहेत, आणि ही निवड आपल्यामुळेच झाली. वर्गणी आम्ही महिन्याऐवजी होळीपूर्वी आणि दिवाळीनंतर अशी दोनदा घेतो, कारण आमच्याकडे रोख पैसा मजुरीहून परतल्यावर आणि पीक विकल्यावरच हाती येतो. हा बदल आपल्याला योग्य वाटतो का, हे अवश्य कळवावे. लिथियम आयर्न फॉस्फेट या नव्या प्रकारच्या बॅटऱ्यांचा अनुभव आपल्या गावात आता कसा आहे, खाऱ्या हवेत त्यांचे टर्मिनल टिकतात का आणि त्यांचा जादा खर्च वर्गणीत कसा बसवला, हेही नातीकडून सवडीने लिहवून पाठवावे. आमच्या बायांचा त्याबद्दलचा निर्णय पावसाळ्यापूर्वी व्हायचा आहे.

समितीच्या सर्व सदस्यांना आणि त्या शेवाळवाल्या ताईंना माझा नमस्कार सांगावा. आमच्या पाड्यांवर येण्याचे निमंत्रण आपल्याला आणि आपल्या नातीला कायम आहे. प्रवासाची आणि राहण्याची व्यवस्था आम्ही करू.

आपली ऋणी,
धडगाव परिसरात सौरदिव्यांचे काम करणारी एक अभियंता