राखेतली एक रेघ

आदरणीय ताईंना,

सप्रेम नमस्कार. माया आणि ॲलेक्स शिबुतानी ही अमेरिकेची बहीण-भावाची जोडी सात वर्षांनी आइस डान्सच्या, म्हणजे पात्याचे बूट घालून बर्फावर जोडीनं करायच्या नाचाच्या, स्पर्धेत परत उतरली. त्यांचं नेमकं काय बघायचं हे आम्हाला कळलं, ते तुमच्यामुळं. म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितो आहोत.

आधी ज्यांना ज्यांना विचारलं, त्यांनी "तो नाचच, त्यात समजायचं काय" म्हणून हात झटकले. विदर्भातल्या खेड्यात बर्फाचं काय काम, म्हणून हसणारेही भेटले. सगळ्यांत लागलं ते "भाऊ-बहिणीनं असा नाच करावा का?" हे बोलणं. तुम्ही शांतपणे फ्रान्सच्या इझाबेल आणि पॉल दुशेने या बहीण-भावाचं नाव घेतलंत. 1992 च्या आल्बेरव्हिल ऑलिंपिकमध्ये रौप्य. पुढं कोणी तोंड उघडलं नाही.

पण खरं मोल त्या संध्याकाळचं. वाचनालयात व्हिडिओ ऐन रंगात आला अन् लाईन गेली. तुम्ही परातीत चुलीची राख पसरलीत, बोटाएवढा बांबू उभा चिरून त्याची अर्धी कमटी घेतलीत आणि पोकळ बाजू खाली करून राखेतून ओढलीत. सरळ धरली तर दोन रेघा उमटल्या. जराशी कलती केली तर एकच. स्केटचं पातं असंच असतं, मधे खाच आणि दोन्ही अंगांना धार. बर्फावर दोन रेघा उमटल्या म्हणजे पातं सपाट पडलं, पावलाचा कस गेला. एकच रेघ, तीही गोलाईत, म्हणजे धार पक्की धरली. एवढं सांगून तुम्ही कमटी आमच्या हातात दिलीत आणि परात पुढं सरकवलीत. ताई, ते परात सरकवणं आम्ही विसरणार नाही. माहिती असलेली माणसं पुष्कळ भेटतात. समोरच्याला खाली न बसवता ती हातात देणारी फार थोडी. तुमचा हा चांगुलपणा आहे, आणि तो कुठल्या पदवीनं येत नाही.

त्या दिवसापासून आम्ही चेहरे सोडून पाय बघतो. ट्विझल म्हणजे एका पायावर गिरक्या घेत पुढं सरकत जाणं. सरकणं थांबलं की ती जागची गिरकी झाली, आणि मधेच अडखळली की तुटक वळणं झाली. दोन्ही वेळा ट्विझल हातचं गेलं. वजन टाचेकडं गेलं की तोल ढळतो. त्यात दोघांनी एकाच लयीत फिरायचं, म्हणून एकाचा पाय टेकला तरी जोडीचं नुकसान. उचलण्यातही तसंच. उचलणाऱ्यानं हात डोक्याच्या वर पूर्ण ताणून जोडीदाराला तसंच धरून ठेवायचं नाही, साधी लिफ्ट 7 सेकंदांत उतरवायची, वेळ उलटली तर एक गुण कापला जातो. जिला उचलतात तिलाही पोट-कंबर घट्ट धरून अंगाचा आकार सांभाळावा लागतो.

हे कळल्यावर मायाच्या परतण्याचं वजन कळलं. 2018 ला प्योंगचांग ऑलिंपिकमध्ये दोन कांस्यपदकं, एक जोडीचं, एक संघाचं. त्याआधी जागतिक स्पर्धेत 2011 ला कांस्य, 2016 ला रौप्य, 2017 ला पुन्हा कांस्य. मग 2019 च्या डिसेंबरात मूत्रपिंडावरची गाठ शस्त्रक्रियेनं काढावी लागली. ती कर्करोगाची निघाली. त्याच पोटाच्या जोरावर पुन्हा लिफ्ट करायची. 2025 च्या मे महिन्यात दोघांनी परत उतरत असल्याचं जाहीर केलं, तेव्हा माया तिशीत होती, ॲलेक्स चौतिशीत. "आता काय उरलं त्यांच्यात" म्हणणाऱ्यांनी एकदा तरी त्यांच्या पात्याची रेघ बघावी. इतकी वर्षं बाहेर राहून ती एकच रेघ धरायची म्हणजे काय, हे त्या राखेत आम्ही स्वतःच्या हातानं ओढून बघितलं आहे. दहा वेळा ओढली तर आठ वेळा दोनच रेघा आल्या.

पाय बदलून वळण्याचे दोन प्रकार, मोहॉक आणि चॉक्टॉ, ते मात्र अजून डोक्यात नीट बसलेले नाहीत. त्यात एका पायावरून दुसऱ्यावर जायचं, म्हणजे एका कमटीनं भागणार नाही. दिवाळीला गावी याल तेव्हासाठी दोन चिरून ठेवल्या आहेत. राखही चाळून ठेवली आहे.

तुमची,
वाचनालयातली पोरंपोरी